अ‍ॅलेक्स स्मिथनं दिलेलं एक वर्ष

अ‍ॅलेक्स स्मिथ हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक. त्याचं नाव निघालं की अमेरिकेत बोलणं त्याच्या पायावर येतं. १८ नोव्हेंबर २०१८ला मोडलेला उजवा पाय, १७ शस्त्रक्रिया, पाय ठेवायचा की कापायचा इथवर गेलेली वेळ, आणि ६९३ दिवसांनी तो पुन्हा मैदानात उतरला तो क्षण. गोष्ट विलक्षण आहे, तिच्याकडे मी येणारच आहे. पण या माणसानं केलेलं सगळ्यात मोठं काम कुठलं असं कुणी विचारलं, तर मी २०१७ हे वर्ष सांगेन. त्या वर्षी तो धडधाकट होता, आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळत होता, आणि आपली जागा घ्यायला आलेल्या मुलाला शेजारी बसवून सगळं शिकवत होता.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी पाहत नाही, म्हणून क्वार्टरबॅक नेमकं काय करतो ते आधी सांगते. दोन्ही बाजूंना ११-११ खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. त्याच्या हेल्मेटच्या मागे एक हिरवा ठिपका असतो, म्हणजे आत स्पीकर आहे. दोन प्रयत्नांमध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं आणि प्रशिक्षक त्याच्या कानात पुढची चाल सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की हा आवाज बंद होतो. तिथून पुढे तो एकटा.

ती चाल म्हणजे एकामागोमाग एक सांकेतिक शब्दांची माळ असते. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी कुठून पळायचं, कुणी कुणाला अडवायचं, सगळं त्यात. ती त्यानं घोळक्यातल्या दहा जणांना बिनचूक सांगायची, मग रेषेवर जाऊन समोरच्यांची मांडणी वाचायची. कोण अंगावर येणार, कोण नुसतं येण्याचं सोंग करतोय, हे ओळखून गरज पडली तर तिथल्या तिथे ओरडून चाल बदलायची. मग चेंडू हातात येतो आणि त्याला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. १३०-१४० किलोची माणसं त्याला पाडायला धडपडत असतात आणि त्यानं त्यांच्याकडे बघायचंही नसतं. नजर लांब, पळणाऱ्या साथीदारांवर. तेही ते आता आहेत तिथे चेंडू फेकून चालत नाही, पोचणार असतील तिथे फेकावा लागतो.

दंडात ताकद हवीच, पण हे सगळं उभं राहतं अभ्यासावर. दर आठवड्याला नवा प्रतिस्पर्धी, म्हणून दर आठवड्याला नवी योजना, तासन् तास जुन्या सामन्यांचं चित्रण बघणं, पाठांतर, पुन्हा सराव. कॉलेजात अफाट खेळलेली मुलं इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं चाचपडतात ती यामुळेच. त्यांना शिकायला वेळ लागतो. आणि वेळ द्यायला इथे कुणाकडे वेळ नसतो.

स्मिथ कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोजवळच्या ला मेसाचा. वडील त्याच्याच शाळेचे मुख्याध्यापक. शाळेच्या संघात रेजी बुश नावाचा तुफान पळणारा मुलगा होता, कॉलेजांची माणसं यायची ती बुशला बघायला. स्मिथला मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नाही. तो युटा विद्यापीठात गेला, अर्थशास्त्राची पदवी दोन वर्षांत संपवली आणि २००४च्या हंगामात युटाला एकही सामना हरू दिला नाही. एनएफएल ही तिथली व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ दरवर्षी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी सगळ्यात पहिला खेळाडू म्हणून त्याला उचललं. तेव्हा तो २० वर्षांचा होता.

त्याच दिवशी तिथे आणखी एक क्वार्टरबॅक बसला होता. आरन रॉजर्स. उत्तर कॅलिफोर्नियात जन्मलेला, लहानपणापासून फोर्टीनाइनर्सचा भक्त, बर्कलीत शिकलेला. पहिलं नाव आपलं पुकारलं जाईल अशी त्याला आशा होती. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांसमोर तासन् तास ताटकळून तो २४वा गेला, ग्रीन बे संघाकडे. तिथे ब्रेट फार्वसारखा दिग्गज आधीच होता, त्यामुळे रॉजर्सला तीन वर्षं बाकावर बसून काढावी लागली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, बिचारा रॉजर्स. पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. रॉजर्स या खेळातल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकपैकी एक झाला, आणि फोर्टीनाइनर्सनी चुकीचा मुलगा निवडला हे वाक्य स्मिथच्या कपाळी कायमचं लिहिलं गेलं.

मला हा हिशेब कधीच पटला नाही. एकाला तीन वर्षं शिकायला मिळाली आणि दुसऱ्याला सहा महिनेही नाहीत. आदल्या हंगामात १६ पैकी फक्त २ सामने जिंकलेल्या संघात २१ वर्षांच्या पोराला ऑक्टोबरमध्ये उभं केलं. पहिल्याच सामन्यात त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १ टचडाऊन होता, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोचून गुण मिळवून देणारा पास, आणि ११ इंटरसेप्शन्स, म्हणजे समोरच्यांनी पकडलेले पास.

आणि मग गुरू. क्वार्टरबॅकची तालीम ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण सांभाळणारा प्रशिक्षक, घेतो. चाली त्याच्या, परिभाषा त्याची, विचार करायची पद्धतही त्याची. स्मिथच्या पहिल्या सात वर्षांत या पदावर सात माणसं आली. मॅकार्थी, टर्नर, हॉस्टलर, मार्ट्झ, रे, जॉन्सन, रोमन. एखाद्या गाणाऱ्या मुलाला ऐन शिकायच्या वयात वर्षाला एक घराणं बदलायला लावावं, मागच्या गुरूनं बसवलेला षड्ज पुढच्यानं मोडावा, आणि दर रविवारी भर मैफलीत बसवून विचारावं की अजून गळा का तयार होत नाही, असा तो प्रकार होता.

२००७मध्ये त्याचा खांदा निखळला. दुखत असताना तो खेळला, वाईट खेळला. दुखतंय म्हणाला तेव्हा मुख्य प्रशिक्षकानं त्याच्या कणखरपणाबद्दल जाहीर शंका घेतली. शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली आणि २००८चा अख्खा हंगाम गेला. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्याच मैदानावर, त्याच्याच प्रेक्षकांनी राखीव क्वार्टरबॅक डेव्हिड कारच्या नावाचा घोष सुरू केला. आम्हाला कार हवा. टीव्हीवर तो स्वच्छ ऐकू येत होता. स्मिथ तसाच मैदानात गेला आणि संघाला सामन्यात परत आणलं. सामना मात्र तीन गुणांनी गेला.

२०११च्या उन्हाळ्यात मालक आणि खेळाडू यांच्यातल्या भांडणामुळे एनएफएलला टाळं लागलं. प्रशिक्षकांना खेळाडूंशी बोलायचीही बंदी. स्मिथचा करार संपला होता, म्हणजे कागदोपत्री तो कुठल्याच संघाचा नव्हता. तरी नवे प्रशिक्षक जिम हार्बो यांची चालींची वही घेऊन तो सॅन होजेच्या कॉलेजच्या मैदानावर गेला, फोर्टीनाइनर्सच्या खेळाडूंना गोळा केलं आणि त्यांचे वर्ग घेतले. ज्या गावानं त्याची हुर्यो केली होती त्याच गावाच्या संघाला तो बिनपगारी शिकवत होता. त्या हंगामात फोर्टीनाइनर्सनी १६पैकी १३ सामने जिंकले.

१४ जानेवारी २०१२चा न्यू ऑर्लिन्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना मी नंतर चित्रणावर पाहिला, आणि अजूनही अधूनमधून लावते. शेवटच्या चार मिनिटांत आघाडी चार वेळा बदलली. सव्वादोन मिनिटं उरलेली असताना स्मिथनं चेंडू फेकायचं सोडून डावीकडून स्वतःच धाव घेतली. फार वेगवान समजला न जाणारा हा माणूस २८ यार्ड पळत गेला आणि टचडाऊन केला. त्याच्यापुढे जो स्टेली नावाचा अगडबंब लाइनमन, म्हणजे समोरच्यांना अंगानं अडवणारा खेळाडू, रस्ता झाडत धावत होता, ते दृश्य तर बघतच राहावं. दीड मिनिट उरलं असताना न्यू ऑर्लिन्सनं पुन्हा आघाडी घेतली. स्मिथ पुन्हा आला. ९ सेकंद उरली असताना त्यानं गोलरेषेवर, दोन माणसांच्या मधल्या फटीत, साथीदार व्हर्नन डेव्हिसच्या छातीवर चेंडू मारला. ३६-३२. डेव्हिस रडत रडत हार्बोंच्या गळ्यात पडला. सात वर्षं ज्याला निकामी ठरवलं होतं त्यानं तो पास दिला होता, आणि ती फट एवढीशीच होती.

पुढच्या हंगामात तो आणखी चांगला खेळत होता. त्याचे १०० पैकी ७० पास जागेवर पडत होते. ११ नोव्हेंबर २०१२ला सेंट लुईसच्या सामन्यात डोक्याला मार बसला. समोरचं अंधुक दिसत असताना त्यानं एक टचडाऊनचा पास दिला आणि मग आपल्याला नीट दिसत नाही हे सांगितलं. नियमाप्रमाणे डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं. त्याच्या जागी कॉलिन कॅपरनिक आला, पुढचा सामना दणदणीत जिंकला, आणि हार्बोंनी त्यालाच कायम केलं.

मेंदूला मार बसल्यावर लपवू नका, खरं सांगा, असं त्या काळात एनएफएल कानीकपाळी ओरडत होती. स्मिथनं खरं सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. आपल्याकडून झालेली चूक काय तर डोक्याला मार लागला एवढीच, अशा अर्थाचं तो एकदा बोलला, आणि मग तो विषय त्यानं ठेवून दिला. फेब्रुवारी २०१३मध्ये फोर्टीनाइनर्स सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, खेळले, ३४-३१ असे हरले. स्मिथ सीमारेषेवर उभा होता. कॅपरनिकला हवी ती मदत त्यानं शेवटपर्यंत केली.

तिथून तो कॅन्सस सिटी चीफ्सकडे गेला. २०१२मध्ये चीफ्सनी १६पैकी २ सामने जिंकले होते. स्मिथ आणि नवे प्रशिक्षक अँडी रीड आले आणि संघानं पहिले नऊच्या नऊ जिंकले. पाच वर्षांत चार वेळा बाद फेरी गाठली. तरी त्याच्याबद्दल कुणी मोठ्या तोंडानं बोलत नसे. जपून खेळतो, जवळजवळचे पास देतो, चुका करत नाही पण चमत्कारही करत नाही, अशी टीका. २०१४च्या अख्ख्या हंगामात चीफ्सच्या एकाही वाइड रिसीव्हरनं, म्हणजे लांब पळून पास पकडणाऱ्या खेळाडूनं, टचडाऊनचा पास पकडला नाही, हे त्याच्या तोंडावर फेकलं जायचं. बाद फेरीतल्या हारीही मनाला लागणाऱ्या होत्या. इंडियानापोलिसविरुद्ध ३८-१० अशी आघाडी असताना ४५-४४ हरले. त्या सामन्यात स्मिथनं चार टचडाऊन दिले होते, पण हरलेल्या क्वार्टरबॅकचे टचडाऊन कोण मोजतं?

एप्रिल २०१७मध्ये चीफ्सनी खेळाडू निवडण्याचे आपले महत्त्वाचे हक्क बफेलो संघाला देऊन ड्राफ्टमधली दहावी जागा घेतली आणि पॅट्रिक माहोम्सला निवडलं. टेक्सास टेकचा २१ वर्षांचा मुलगा, वडील बेसबॉलमधले व्यावसायिक पिचर, स्वतःच्या हातात भन्नाट जोर. अर्थ उघड होता. स्मिथला फार तर एक हंगाम.

त्या हंगामात मी योगायोगानं तिथेच होते. पुण्यातल्या आमच्या कंपनीनं मला कॅन्सस सिटीच्या उपनगरात, ओव्हरलंड पार्कला, केटी घ्यायला पाठवलं होतं. आयटीतल्या वाचकांना केटी सांगायला नको. इतरांसाठी सांगते, तिथलं काम इकडे हलवायचं ठरलं की तिथला माणूस आपल्याला ते शिकवतो आणि शिकवून झालं की त्याची नोकरी संपते. मला शिकवणारी बाई माझ्या आईच्या वयाची. रात्री चालणाऱ्या बिलिंगच्या जॉब्सचं, म्हणजे संगणकावर आपोआप चालणाऱ्या कामांचं, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. तिच्याकडे एक जाडजूड वही होती. कुठला जॉब कधी पडतो, का पडतो, पडला तर आधी काय तपासायचं, कुणाला उठवायचं, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं, खाडाखोड करून सुधारलेलं. यातलं निम्मं कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. तिनं मला सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

मला आठवतात ते तिचे हात. माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवायची. माझी कमांड चुकत असली तरी कीबोर्डकडे हात जाऊ द्यायचा नाही असं तिनं ठरवलं असावं. चूक पूर्ण होऊ द्यायची, मग विचारायची, आता काय दिसतंय? मी सांगेपर्यंत थांबायची. तिला काय वाटत असेल हे विचारायचं धाडस मला झालं नाही आणि तिनंही तो विषय कधी काढला नाही. शुक्रवारी मात्र ती लाल टीशर्ट घालून यायची. तिथे सामन्याच्या आधीच्या शुक्रवारी अख्खं गाव चीफ्सचा लाल रंग घालतं. तिनंच मला हा खेळ शिकवला. जेवायच्या सुट्टीत टिश्यू पेपरवर फुल्या आणि गोळे काढून ती मला कोण कुठून पळतो ते समजावायची. आणि स्मिथबद्दल बोलताना तिचा आवाज बदलायचा. बाकी सगळं गाव माहोम्सची वाट बघत असताना ही बाई मला सांगायची, अकरा नंबरकडे, स्मिथकडे बघ, तो चेंडू येण्याआधी काय करतो ते बघ.

मी बघायला लागले. अ‍ॅरोहेड स्टेडियमचा गोंगाट जगात गाजलेला. २०१४मध्ये तिथे १४२.२ डेसिबलचा विक्रम झाला होता. पण चीफ्सकडे चेंडू असला की तेच प्रेक्षक चिडीचूप बसतात, क्वार्टरबॅकचा आवाज त्याच्या माणसांपर्यंत पोचावा म्हणून. त्या शांततेत अकरा नंबर रेषेवर येऊन उभा राही, समोर बोट दाखवून कोण येतोय ते आपल्या लाइनमनना सांगे, मान वळवून मागच्याला दोन पावलं सरकवे, पुन्हा समोर बघे. चेंडू हातात यायच्या आधीच अर्धं काम झालेलं असे.

त्या वर्षी तो जपून खेळलाच नाही. पहिला सामना ७ सप्टेंबरला, आदल्या मोसमातल्या विजेत्या न्यू इंग्लंडच्या घरी. स्मिथनं ३६८ यार्डांचे पास आणि चार टचडाऊन दिले, त्यातला एक टायरीक हिलला ७५ यार्डांचा. लांब फेकत नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. चीफ्सनी पहिले पाच सामने जिंकले, मग पुढच्या सातपैकी सहा हरले, आणि माहोम्सला आणा असा ओरडा सुरू झाला. स्मिथनं शेवटच्या टप्प्यात पुन्हा संघ सावरला आणि बाद फेरीत नेला. हंगामाअखेर ४,०४२ यार्ड, २६ टचडाऊन, फक्त ५ इंटरसेप्शन्स, आणि पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास देण्याची एकूण कामगिरी मोजणाऱ्या आकड्यात, तो सगळ्या एनएफएलमध्ये पहिला होता.

आणि हे चालू असताना मीटिंगच्या खोलीत त्याच्या शेजारी माहोम्स बसत होता. आठवड्याची तयारी कशी करायची, चित्रण बघताना काय शोधायचं, समोरच्यांच्या पायांच्या ठेवणीवरून हल्ला कसा ओळखायचा, हे तो स्मिथकडे बघून शिकत होता. स्मिथनं हातचं राखलं नाही, हे माहोम्सनं नंतर जाहीरपणे, एकदा नव्हे अनेकदा सांगितलं आहे. असं करायची स्मिथवर सक्ती नव्हती. कुठल्याही करारात तशी अट नसते. सहकाऱ्याला शिकवण्याचे पैसे कुणी देत नाही, आणि न शिकवल्याचा जाबही कुणी विचारत नाही.

मला वाटतं, तो माहोम्सला ते वर्ष देत होता जे २००५मध्ये त्याला कुणी दिलं नव्हतं. रॉजर्सला परिस्थितीनं दिलं, माहोम्सला एका माणसानं दिलं. असं तो स्वतः कुठे बोलल्याचं मला माहीत नाही, हा माझा अर्थ आहे. पण ज्यानं सात गुरूंच्या हाताखाली धडपडत हा खेळ तुकड्यातुकड्यांनी गोळा केला, त्याला तो जोडून दुसऱ्याच्या हाती देताना काय द्यायचं हे नेमकं ठाऊक असणार.

३१ डिसेंबरला, बाद फेरीची जागा पक्की झाल्यावर, माहोम्स पहिला सामना खेळला आणि जिंकला. आठवड्याभरात चीफ्स टेनेसीविरुद्ध २१-३ अशा आघाडीवरून २२-२१ हरले. जानेवारी संपता संपता स्मिथला वॉशिंग्टनकडे धाडायचं ठरलं. तोवर माझी केटीही संपली होती. निघताना त्या बाईनं वही माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, फोटोकॉपी करून घेते. ती म्हणाली, मला आता कशाला लागणार आहे? त्या वहीवर आम्ही पुण्यात पुढे कित्येक वर्षं काम केलं.

वॉशिंग्टनमध्ये स्मिथ आला आणि संघ ९पैकी ६ सामने जिंकून आघाडीवर होता. मग तो रविवार. ह्यूस्टनविरुद्ध केरीम जॅक्सन आणि जे. जे. वॉट त्याच्यावर एकत्र कोसळले आणि उजव्या पायाची गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं. बरोबर ३३ वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबर १९८५ला, वॉशिंग्टनच्याच जो थाइसमन या क्वार्टरबॅकचा उजवा पाय असाच मोडला होता आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली होती. दोन्ही सामन्यांचा गुणफलकही तोच, २३-२१. थाइसमन त्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेला होता.

हाडं जोडली, पण जखमेत जंतू शिरले. मांस खात जाणारा तो संसर्ग होता. पायावर फोड आले, रंग काळा पडत गेला, रक्तात विष भिनलं. डॉक्टर एकामागून एक शस्त्रक्रिया करून सडलेलं कापून टाकत होते. पाय वाचवायच्या नादात जीव जाईल अशी वेळ आली तेव्हा निर्णय बायकोला, एलिझाबेथला, घ्यावे लागले. तो शुद्धीवर असूनही नसल्यासारखा होता. त्यातले काही आठवडे त्याला आठवतच नाहीत. शेवटी डाव्या मांडीचा स्नायू काढून उजव्या नडगीवर बसवला. हाडाला बाहेरून पोलादी कड्या आणि सळया. कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या पायाकडे बघवत नव्हतं.

बाँबस्फोटात पाय गेलेल्या सैनिकांसाठी सॅन अँटोनियोला एक लष्करी पुनर्वसन केंद्र आहे. त्याची जखम त्याच जातीची, म्हणून खास परवानगी काढून त्याला तिथे नेलं. पाय गमावलेली, भाजलेली तरुण मुलं तिथे घाम गाळत होती. तिथे कुणीतरी त्याच्या हातात फुटबॉल दिला, आणि आपण अजून काही करू शकतो असं त्याला पहिल्यांदा वाटलं, असं त्यानं सांगितलं आहे.

११ ऑक्टोबर २०२०ला, पावसात, पहिला क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर स्मिथ आत गेला. करोनामुळे स्टँड रिकामे, पण खेळाडूंच्या घरच्यांना त्या दिवशी परवानगी होती. एलिझाबेथ आणि तिन्ही मुलं वर बसली होती. थोड्याच वेळात आरन डॉनल्ड, त्या काळातला सगळ्यात धोकादायक बचावपटू, त्याच्या पाठीवर चढला. स्मिथ त्याला पाठीवर घेऊन क्षणभर उभा राहिला, मग खाली गेला, मग उठला.

तो परतला याबद्दल माझं मन अजून दोन बाजूंनी ओढतं. त्या पायावर एवढा धिप्पाड माणूस पडताना बघणं मला जड गेलं. जिनं मृत्यूच्या दारातून त्याला परत आणलं तिला ते बघायला लावणं योग्य होतं का? पण एलिझाबेथनंच त्याला साथ दिली, आणि त्या घराचा निर्णय त्या दोघांचा. तो कशासाठी परतला हेही मला कळतं. आजवर प्रत्येक वेळी त्याची जागा दुसऱ्या कुणी ठरवून काढून घेतली होती. या वेळी कधी थांबायचं ते त्याला स्वतः ठरवायचं होतं.

त्या हंगामात त्यानं डेट्रॉइटविरुद्ध ३९० यार्डांचे पास दिले, कारकिर्दीतले सर्वाधिक. तोवर एकही सामना न हरलेल्या पिट्सबर्गला त्यांच्याच घरी हरवलं, तेही पाय रक्तानं भरलेला असताना. पहिल्यापासून खेळलेल्या सहापैकी पाच सामने जिंकून वॉशिंग्टनला गटविजेता केलं. बाद फेरीच्या वेळी पोटरी दुखावली आणि त्याच्या जागी टेलर हाइनिकी खेळला. महिन्याभरापूर्वीपर्यंत हा मुलगा संघाबाहेर होता, घरी बसून ऑनलाइन अभ्यासक्रम करत होता. समोर टॉम ब्रेडी, या खेळातला सगळ्यात नावाजलेला क्वार्टरबॅक. हाइनिकी झकास खेळला, ३१-२३ हरला, पण त्या रात्रीनं त्याला पुढचा करार मिळवून दिला. स्मिथच्या शेवटच्या हंगामातला हा शेवटचा सामना, आणि मैदानात दुसराच.

वर्षातला सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू म्हणून स्मिथचा गौरव झाला आणि मार्चमध्ये वॉशिंग्टननं त्याला मोकळं केलं. आपण परतल्यामुळे संघाची गणितं बिघडली, त्यांना आपण नको होतो, असं त्यानं एका मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. एवढा स्पष्ट तो आधी कधी बोलला नव्हता, आणि बोलला ते बरं केलं.

९९ विजय, एकही सुपर बोल नाही. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागेल असं मला वाटत नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये, तो अजून पाय सावरत असताना, माहोम्सच्या चीफ्सनी सुपर बोल जिंकला, तो नेमका फोर्टीनाइनर्सना हरवून. एका बाजूला त्याला पहिला निवडणारा संघ, दुसऱ्या बाजूला त्यानं घडवलेला मुलगा. चार वर्षांनी लास वेगासला पुन्हा हेच दोन संघ आणि पुन्हा माहोम्स. माहोम्सची गुणवत्ता त्याची स्वतःची आहे, त्याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देत नाही. पण पहिल्या पूर्ण हंगामात ५० टचडाऊन देणारा तो २३ वर्षांचा मुलगा रेषेवर उभा राहून समोरच्यांकडे बोट दाखवायचा तेव्हा त्या हालचाली मी आधी पाहिलेल्या होत्या.

१९ एप्रिल २०२१ला स्मिथनं एक छोटा व्हिडिओ टाकून निवृत्ती जाहीर केली. वय ३६. आता बायकोबरोबर चालायला जायचंय, असं तो त्यात म्हणाला, आणि परसात मुलांच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय याची त्यांना काहीच कल्पना नाही.